फार लॅप : मंदीत अख्ख्या देशाने जीव लावलेला घोडा

यारातीर

१९३० च्या ऑस्ट्रेलियात सामान्य माणसाने भरवसा ठेवावा असं फारसं काही उरलं नव्हतं. देश लोकर आणि गव्हावर जगत होता आणि दोन्हींचे भाव कोसळले होते. लंडनच्या सावकारांचं कर्ज मानेवर बसलं होतं. बँक ऑफ इंग्लंडचे सर ऑटो निमायर त्याच वर्षी आले आणि तुम्ही ऐपतीबाहेर राहताय, खर्च कापा, असं सुनावून गेले. पुढच्या वर्षी मूळ वेतनात १० टक्के कपात झाली. १९३२ पर्यंत कामगार संघटनांच्या सभासदांमधली बेकारी ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचली. भाडं थकलं म्हणून घराबाहेर काढलेली कुटुंबं सिडनीच्या ला पेरूज भागात पत्रे आणि पोती बांधून राहत होती. सरकारी शिध्याला 'सस्सो' म्हणत, आणि काल-परवापर्यंत पगार आणणाऱ्या माणसाला त्या रांगेत उभं राहणं जिवावर यायचं.

त्या वर्षांत या देशाने दोघांना डोक्यावर घेतलं. एक डॉन ब्रॅडमन. १९३० च्या इंग्लंड दौऱ्यातल्या कसोटी मालिकेत त्याने काढलेल्या ९७४ धावा आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. दुसरा होता एक घोडा, आणि त्याच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. मेलबर्नच्या मंडळींनी त्याला म्युझियममध्ये काचेमागे उभा असलेला पाहिला असेल. उंचापुरा, तांबडा. मुलं फोटो काढतात आणि डायनासोरकडे पळतात. त्याची गोष्ट नीट सांगावी असं फार दिवस मनात होतं.

फार लॅपचा जन्म ४ ऑक्टोबर १९२६ चा, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर टिमारूजवळच्या सीडाउनचा. बाप नाइट रेड, आई एन्ट्रीटी. दोघांनीही शर्यतीत नाव काढलं नव्हतं. तिकडे सिडनीत हॅरी टेलफर्ड हा ट्रेनर कसाबसा तग धरून होता. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये या शिंगराची वंशावळ वाचताना त्याला मागच्या पिढ्यांत कार्बाइन या जुन्या नामांकित घोड्याचं रक्त दिसलं आणि त्याचं मन बसलं. गाठीला पैसा नव्हता. मग त्याने डेव्हिड डेव्हिस या व्यापाऱ्याला गळ घातली, आणि जानेवारी १९२८ मध्ये ट्रेंटमच्या लिलावात टेलफर्डच्या भावाने १६० गिनींना शिंगरू उचललं.

बोटीतून सिडनीला उतरलेलं जनावर पाहून डेव्हिसचं डोकंच फिरलं. हाडकुळं, बेढब चालीचं, तोंडावर चामखिळी. याच्या शिक्षणावर मी दमडी खर्च करणार नाही, असं त्याने सांगितलं. तेव्हा टेलफर्डने तीन वर्षांसाठी घोडा भाड्याने घेतला. सगळा खर्च टेलफर्डचा. बक्षीस मिळालंच तर दोन हिस्से त्याचे, एक डेव्हिसचा. बक्षीस कुठून मिळणार, असंच तेव्हा सगळ्यांना वाटत असणार. टेलफर्डने घोडा खच्ची केला आणि वाळूच्या टेकड्यांवर दमेपर्यंत पळवला. पहिल्या शर्यतीत फार लॅप शेवटचा आला. पुढच्या तीन शर्यतींतही हात रिकामे. २७ एप्रिल १९२९ ला रोजहिलला, जॅक बेकर नावाचा १७ वर्षांचा शिकाऊ जॉकी पाठीवर असताना तो पहिल्यांदा जिंकला, तेही कधीच न जिंकलेल्या घोड्यांच्या शर्यतीत.

त्यानंतर जे झालं त्याचा उलगडा कुणालाच नीट करता आलेला नाही. काही महिन्यांत त्याने सिडनी आणि मेलबर्न, दोन्हीकडच्या डर्बी जिंकल्या. १९२९ च्या मेलबर्न कपमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात नावाजलेल्या शर्यतीत, तिसरा आला. मग त्याला थांबवणं अवघड होऊन बसलं. एका टप्प्यात लागोपाठ १४ शर्यती. कारकिर्दीत ५१ पैकी ३७.

१९३० चा मेलबर्न कप मात्र सविस्तर सांगायला हवा. त्या वर्षी हजारो लोकांनी जोडीवर पैसे लावले होते : कॉलफिल्ड कप अमुनिस जिंकणार आणि मेलबर्न कप फार लॅप. अमुनिस जिंकला. आता फार लॅपही जिंकला तर बुकींना प्रचंड रकमा मोजाव्या लागणार होत्या. १ नोव्हेंबरच्या शनिवारी पहाटेचा सराव आटोपून मोतद्दार टॉमी वुडकॉक त्याला तबेल्याकडे परत आणत होता. एक मोटार आली आणि आतून बंदुकीचा बार निघाला. वुडकॉकने आपलं तट्टू मध्ये घालून फार लॅपला कुंपणाशी दाबलं. नेम चुकला. गोळी झाडणारे कोण होते ते कधीच सिद्ध झालं नाही. त्याच दुपारी फार लॅप धावला आणि जिंकला! मग त्याला जिलाँगजवळच्या एका स्टड फार्मवर लपवून ठेवलं. मंगळवारी, कपच्या दिवशी, घोडा आणायची गाडी सुरूच होईना. शर्यतीला तासभरही उरला नसताना तो फ्लेमिंग्टनच्या रेसकोर्सला पोहोचला. जॉकी जिम पाइक पाठीवर, वजन साडेबासष्ट किलो. तीन लांबींनी, म्हणजे तीन घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने, जिंकला. गुरुवारी पुन्हा जिंकला, शनिवारी पुन्हा जिंकला. आठ दिवसांत चार शर्यती, चारही खिशात.

या जिंकण्याने लोकांना पैसा मिळाला म्हणून ते त्याच्यावर प्रेम करत होते, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. कपच्या दिवशी त्याचा भाव ८/११ होता. म्हणजे ११ लावले तर वर फक्त ८ मिळणार. अशा भावाने कुणाचं घरभाडं फिटत नाही. लोकांना मिळत होतं ते वेगळंच. नोकरी राहील का, बँक उघडी राहील का, सरकार टिकेल का, यातलं काहीही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. फार लॅप शनिवारी जिंकेल, हे सांगता येत होतं. आणि तो शनिवारी जिंकत होता.

अमेरिका आणि त्याचा मृत्यू यांवर प्रतिसादात लिहितो. आधीच धागा लांबलाय.

---

शिवारपाखरू

वा! सकाळी बसमध्ये वाचायला घेतलं आणि स्टॉप चुकला. एकच शंका. मंदीत पिचलेल्या लोकांना तो आपल्यातला, दुबळ्या बाजूचा वाटायचा म्हणतात. पण इतका जिंकणारा, भाव इतका कमी असलेला घोडा दुबळ्या बाजूचा कसा? त्याच्यावर तर सगळ्यांचाच डाव होता.

---

यारातीर

शिवारपाखरू, प्रश्न अगदी योग्य जागी विचारलात. सुरुवातीचा फार लॅप दुबळ्या बाजूचा होता हे उघड आहे. पुढचं कळायला वजनाचा हिशोब समजून घ्यावा लागतो.

मेलबर्न कप ही हँडिकॅप शर्यत आहे. जो घोडा चांगला, त्याच्या पाठीवर जास्त वजन. जॉकी हलका असेल तर खोगिराखाली शिसं घालून वजन पुरं करतात. सगळ्यांना समान संधी मिळावी हा हेतू. पण फार लॅप जसा जिंकत गेला तसं त्याच्यावरचं ओझं वाढतच गेलं. १९३१ च्या कपला त्याच्या पाठीवर ६८ किलो होते. जो घोडा जिंकला, व्हाइट नोज, त्याच्यावर साधारण साडेत्रेचाळीस. दोन मैलांच्या शर्यतीत साडेचोवीस किलोंचा फरक! फार लॅप आठवा आला. हे जमणार नाही हे पाइकच्या लक्षात आलं आणि त्याने घोड्याला उगाच ताणलं नाही.

वेतन कापलेल्या, भाडं थकलेल्या माणसाने ते पाहिलं. आपण जेवढं जास्त राबतो तेवढं जास्त आपल्यावर लादतात, हे त्याला घोड्याकडे बघून कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बुकी त्याच्या विरोधात, वजनं ठरवणारे त्याच्या विरोधात, एका सकाळी तर बंदूकही विरोधात. म्हणून तो भाव कमी असूनही आपला वाटायचा.

---

आबा_पुणेकर

उत्तम लेख. वजनाचा मुद्दा अगदी बरोबर मांडलात. आमच्या पुण्याच्या रेसकोर्सवर जुने लोक म्हणायचे की शेवटच्या फर्लांगात एकेक पौंड दिसतो.

ऑस्ट्रेलियाचा आणि आपला घोड्यांचा संबंध फार जुना. ब्रिटिश फौजेसाठी 'वेलर' जातीचे घोडे जहाजं भरभरून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरायचे. न्यू साउथ वेल्सहून यायचे म्हणून वेलर. तेव्हा फार लॅपची बातमी इथल्या तबेल्यांना अनोळखी नसणार.

---

मीनल_अंबरनाथ

लेखन चांगलं आहे यात वाद नाही, पण मला हे वाचताना त्रास झाला आणि तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या घरात महालक्ष्मीच्या रेसने एक माणूस संपवला. माझे काका. गिरणीत चांगली नोकरी, पगाराच्या दिवशी रेस. काकूंचे दागिने गेले, नंतर खोली गेली. 'पुढच्या शनिवारी भरून काढतो' हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की शनिवार म्हटलं की पोटात गोळा येतो. मंदीत लोकांच्या मनाला उभारी मिळाली म्हणता, पण त्या ऑस्ट्रेलियात किती घरांचा शिधा बुकीच्या खिशात गेला असेल?

---

यारातीर

मीनलताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या काकूंनी जे सोसलं त्यापुढे घोड्याची कुठलीही गोष्ट छोटी आहे.

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर तुमच्या बाजूचं आहे. मंदीत ऑस्ट्रेलियात रेसकोर्सबाहेरचे बेकायदा बुकी फोफावले. दारूच्या गुत्त्यात, न्हाव्याच्या दुकानात, गल्लीच्या तोंडाशी चिठ्ठ्या घ्यायचे. शिध्याचे पैसे तिथे गेले, घरात भांडणं झाली, हे त्या काळच्या आठवणींत सापडतं. मी जे लिहिलं त्यात ही बाजू आली नव्हती, ती तुम्ही आणलीत.

मला एवढंच वाटतं की त्या काळात एक पैसाही न लावता फार लॅपसाठी रेडिओला कान लावून बसणारे लोक खूप होते. रेसकोर्सचं तिकीट न परवडणारे. बायका, पोरं. घोडा त्यांचाही होता.

---

मीनल_अंबरनाथ

हे पटतं. आमच्या काकांनाही घोडे खरंच आवडायचे. पैसे संपल्यावरसुद्धा ते रस्त्यावर थांबून भिंतीपलीकडचा सकाळचा सराव बघायचा प्रयत्न करायचे. ते प्रेम आणि तो नाद वेगळा करता आला असता तर बरं झालं असतं.

---

वऱ्हाडी_ठेचा

मस्त धागा. आमच्याकडची त्याच काळातली गोष्ट जोडतो. १९२९ नंतर कापसाचे भाव असे पडले की वऱ्हाडात शेतसारा भरायलाही पिकाचे पैसे पुरेनात. लोकांनी सावकाराकडे जमिनी लिहून दिल्या. आमच्या पणजोबांची आठ एकर त्याच फेऱ्यात गेली असं घरी सांगतात. तिकडे लोकर, इकडे कापूस, आणि भाव ठरवणारा बाजार दोघांपासून हजारो मैल दूर. म्हणूनच तुमचं पहिलं वाक्य वाचून अंगावर आलं.

---

पावसाळी_ढग

मृत्यूबद्दल कधी लिहिताय? विषप्रयोग झाला होता असं ऐकलंय.

---

यारातीर

घ्या.

१९३१ मध्ये भाडेकरार संपला आणि टेलफर्डने ४,००० पौंड देऊन अर्धी मालकी मिळवली. डेव्हिसला आता अमेरिका खुणावत होती. मेक्सिकोत टिवानाजवळ आग्वा कालिएन्ते या रेसकोर्सची मोठी शर्यत होती, बक्षीस एक लाख डॉलर जाहीर झालेलं. मंदीने तिथेही हात मारला आणि ते निम्म्यावर आलं. टेलफर्डचं मन नव्हतं, तो गेला नाही. घोड्याबरोबर गेला वुडकॉक, आणि आता ट्रेनरची जबाबदारीही त्याच्याच अंगावर. जहाजाचा लांबचा प्रवास. उत्तर गोलार्धातला हिवाळा. तोवर गवतावर पळालेला घोडा आता मातीच्या धावपट्टीवर उतरणार. त्यात सरावात खूर फुटला.

२० मार्च १९३२. आदल्याच दिवशी सिडनी हार्बर ब्रिजचं उद्घाटन झालं होतं. इतक्या वाईट वर्षांत देशाला लागोपाठ दोन आनंदाचे दिवस मिळाले! जॉकी बिली एलियटने त्याला सुरुवातीला मागे, बाहेरच्या बाजूने ठेवलं आणि मग सोडलं. दोन लांबींनी विजय, त्या धावपट्टीवरचा विक्रमी वेळ.

सोळा दिवसांनी, ५ एप्रिलला, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मेन्लो पार्कला एका खासगी तबेल्यात तो मेला. पहाटे वुडकॉकला तो वेदनेने तळमळताना दिसला. ताप, पोट फुगलेलं. काही तासांत सगळं संपलं. शेवटी वुडकॉक त्याच्याजवळच होता. ऑस्ट्रेलियात बातमी आली तेव्हा पहिला संशय अमेरिकन गुंडांवर गेला आणि तो पुढे दोन पिढ्या लोकांच्या मनात घर करून राहिला.

---

नगरी_पशुवैद्य

माझं काम जनावरांचंच असल्याने या भागावर थोडं लिहितो.

त्या काळी सोमल (आर्सेनिक हे विष) हे घोड्यांचं सर्रास दिलं जाणारं टॉनिक होतं. 'फाउलर्स सोल्यूशन' म्हणजे सोमलाचा पातळ द्राव. थोड्या मात्रेत दिला की भूक सुधारते, कातडीवर तकाकी येते, असं मानत. टेलफर्डची औषधांची वही पुढे सापडली, तिच्यातही सोमल आणि कुचल्याचं सत्त्व (स्ट्रिक्नीन) घातलेली टॉनिकं आहेत. आज वाचून धक्का बसेल, तेव्हा बसत नव्हता.

शास्त्रज्ञांनी त्याच्या आयाळीचे केस सिंक्रोट्रॉन या मोठ्या यंत्राच्या तीव्र क्ष-किरणांखाली तपासले. इथे एक अडचण होती. कातडं टिकवायला पेंढा भरणारेही सोमलच वापरत. म्हणजे केसात सोमल सापडला एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. पण जिवंतपणी रक्तातून केसाच्या मुळाशी पोहोचलेला सोमल आणि मेल्यावर बाहेरून चोळलेला सोमल केसात वेगळ्या जागी, वेगळ्या रूपात असतो. तो फरक दिसला. मृत्यूच्या साधारण ३० ते ४० तास आधी त्याच्या पोटात सोमलाची मोठी मात्रा गेली होती, असा निष्कर्ष निघाला.

आता ती कुणी मुद्दाम दिली, की टॉनिकच्या बाटलीतून चुकून जास्त गेली, हे केस सांगू शकत नाही. माझं व्यावसायिक मत दुसऱ्या शक्यतेकडे झुकतं. प्रवासाने थकलेलं, खूर फुटलेलं, खाणं मंदावलेलं जनावर असलं की टॉनिक वाढवण्याचा मोह होतो. विषाची आणि औषधाची मात्रा इतकी जवळ असलेली द्रव्यं माझ्या पिढीने वापरातून काढून टाकली, याचं मला समाधान आहे.

---

पावसाळी_ढग

बाप रे. डॉक्टर, इतकं सोपं करून सांगितल्याबद्दल धन्यवाद. वाचनखूण साठवली.

---

किवी_कोकणी

वेलिंग्टनहून हजेरी लावतो. यारातीर, तुमच्याकडे मेलबर्नला त्याचं कातडं आहे, आमच्याकडे ते पापा म्युझियममध्ये त्याचा सांगाडा आहे, आणि हृदय कॅनबेराला. एका घोड्याचे अवशेष तीन शहरांत. आमच्या ऑफिसात कुणी त्याला ऑस्ट्रेलियन म्हटलं की चहाच्या वेळी वाद ठरलेला! जन्म इथला, खरेदी इथली, टिमारूच्या रेसकोर्सला आजही त्याचंच नाव आहे.

२०१० मध्ये, १५० व्या मेलबर्न कपच्या निमित्ताने, सांगाडा तात्पुरता मेलबर्नला नेऊन कातड्याशेजारी ठेवला होता. तेव्हा इथल्या बऱ्याच लोकांना काळजी होती की तो परत येतो की नाही. आला.

हृदय ६.२ किलोंचं आहे. नेहमीच्या घोड्याचं याच्या साधारण निम्मं असतं. कुणी मोठ्या मनाचा, जिगरबाज माणूस असला की दोन्ही देशांत अजूनही म्हणतात, याचं काळीज फार लॅपएवढं आहे.

---

रुपाली_टोकियो

धागा वाचताना हारू उरारा आठवली. जपानमध्ये कोची नावाचं छोटं शहर आहे. २००३ च्या सुमारास जपानची मंदी लांबत चालली होती, कोचीचं रेसकोर्स कर्जात बुडून बंद पडायच्या बेतात होतं. तिथली ही घोडी एकही शर्यत जिंकली नव्हती. हरायची आणि पुढच्या वेळी तितक्याच जोमाने धावायची. वर्तमानपत्रात बातमी आली आणि देशभरातून लोक तिला बघायला येऊ लागले. मार्च २००४ मध्ये जपानचा सगळ्यात नावाजलेला जॉकी युताका ताके तिच्यावर बसला. साधारण १३,००० माणसं जमली. ती ११ घोड्यांत दहावी आली आणि लोकांनी तरी टाळ्या वाजवल्या. ११३ शर्यती, एकही विजय नाही. रेसकोर्स मात्र वाचलं.

यारातीर, तुमचा खात्रीचा मुद्दा तिला लावून पाहिला. ती हरणार याची खात्री होती, पण त्याहून मोठी खात्री ही की ती पुन्हा धावायला येणार. नोकरी गेलेल्या माणसांना तिने हेच दिलं असेल.

---

सह्यकडा

अमेरिकेचा सीबिस्किटही याच पंक्तीतला. ठेंगणा, वाकड्या गुडघ्यांचा, दोन वर्षांचा असताना ३५ शर्यतींत पळवून पिळून काढलेला. १९३६ मध्ये ८,००० डॉलरला विकला. त्याचा जॉकी रेड पोलार्ड एका डोळ्याने आंधळा. नोव्हेंबर १९३८ मध्ये पिमलिको रेसकोर्सवर नावाजलेल्या वॉर अ‍ॅडमिरलला चार लांबींनी हरवलं, तेव्हा पोलार्ड मोडलेल्या पायाने झोपून होता आणि पाठीवर जॉर्ज वुल्फ होता. मार्च १९४० मध्ये घोडाही दुखापतीतून उठला, पोलार्डही उठला, आणि दोघांनी मिळून सांता अनिता हँडिकॅप जिंकली. याआधी तीच शर्यत हा घोडा दोनदा नाकभर अंतराने हरला होता.

तरी मला फार लॅप जास्त जवळचा वाटतो. सीबिस्किटचा मालक श्रीमंत मोटारविक्रेता होता. टेलफर्ड आणि वुडकॉक मात्र पोटासाठी झगडणारी माणसं.

---

अवनी_ठाणे

मला एक बोलायचंय. या सगळ्या गोष्टींत आपण घोड्याला शूर म्हणतो, पण पाठीवर ६८ किलो घालायला त्याने होकार दिला नव्हता. २०१४ च्या मेलबर्न कपमध्ये अ‍ॅडमायर राक्ती हा जपानी घोडा शेवटचा आला आणि थोड्याच वेळात ठाणावर कोसळून मेला. त्यानंतरच्या वर्षांतही घोडे गेले. मेलबर्नमध्ये दरवर्षी निदर्शनं होतात. लोकांच्या मनाला उभारी देण्याचं काम जनावराच्या अंगावर टाकणं मला बरोबर वाटत नाही.

---

यारातीर

अवनी, मी सहमत आहे. २०२० मध्ये अँथनी व्हॅन डाइक हा घोडा गेल्यावर बाहेरून येणाऱ्या घोड्यांच्या पायांचे स्कॅन सक्तीचे झाले. ते फार आधी व्हायला हवं होतं. आज मी कपला जात नाही. माझं प्रेम फार लॅपवर आहे आणि त्याच्याशी ज्या एका माणसाने माणुसकीने वागणूक ठेवली त्याच्यावर आहे. त्याच्याबद्दल लिहायचं राहिलंय.

टॉमी वुडकॉक. मोतद्दार. पहाटे खरारा, चंदी, खुरांची साफसफाई, सराव, पुन्हा खरारा. तो घोड्याला 'बॉबी' म्हणायचा. फार लॅप दुसऱ्या कुणाच्या हातून खायला नाखूश असायचा, त्यामुळे वुडकॉकला तबेला सोडून लांब जाताच येत नसे. रात्र तबेल्यात काढणं त्याला नवीन नव्हतं. शर्टाची बाही घोडा दातांनी ओढायचा, हा त्यांचा नेहमीचा खेळ. ज्या काळात माणसाला कामावरून काढायला एक चिठ्ठी पुरत होती, त्या काळात हा तरुण एका जनावराला एकही दिवस अंतर देत नव्हता. फार लॅपच्या यशात टेलफर्डची नजर आहे, पाइकचे हात आहेत, पण मला विचाराल तर घोडा धावत होता वुडकॉकच्या जिवावर.

मेन्लो पार्कनंतर तो मोडून गेला होता. पुढे तो स्वतः ट्रेनर झाला. १९७७ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने तयार केलेला रेकलेस हा घोडा मेलबर्न कपमध्ये दुसरा आला. त्या दिवशी अर्धं मेलबर्न रेकलेससाठी ओरडत होतं, आणि ते वुडकॉकसाठी होतं.

---

शिवारपाखरू

मोतद्दारांबद्दल कुणी लिहीत नाही. जिंकल्यावर फोटोत लगाम धरून कडेला उभा असतो तो माणूस. आमच्या जुन्नरकडे बैलगाडा शर्यतीत घाटात बैल जिंकला की मालकाआधी बैल सांभाळणाऱ्या गड्यावर गुलाल पडतो. ते मला आवडतं.

---

मीनल_अंबरनाथ

वुडकॉकबद्दल वाचून बरं वाटलं. मुलीला वाचून दाखवलं, तिने लगेच विचारलं की बॉबीला काय आवडायचं खायला?

---

यारातीर

मीनलताई, वुडकॉक त्याला साखरेचे खडे द्यायचा. मुलीला सांगा, आणि मेलबर्नला आलात तर नक्की कळवा, म्युझियमला मीच घेऊन जातो.

आबा, तुम्ही वेलरचा विषय काढलात म्हणून विचारतो. ऑस्ट्रेलियन जॉकी आपल्या संस्थानिकांकडे नोकरीला होते असं वाचलं होतं. त्यावर काही लिहाल का?

---

आबा_पुणेकर

एडगर ब्रिट म्हणायचंय तुम्हाला. सिडनीत तयार झालेला जॉकी. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्यासाठी तो इथे धावला आणि मग त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेला. महाराजांनी तिथे २८,००० गिनींना एक शिंगरू विकत घेतलं होतं, लिलावातला त्या वेळचा विक्रम. त्याला आपल्या आजोबांचं नाव दिलं : सयाजीराव. १९४७ च्या सप्टेंबरात, भारत स्वतंत्र होऊन महिना होत असताना, सयाजीरावाने डॉनकास्टरला सेंट लेजर ही मोठी शर्यत जिंकली, आणि पाठीवर हाच ब्रिट होता.

यावर वेगळा धागा काढतो, इथे अवांतर नको. बडोद्याच्या तबेल्यांबद्दल कुणाकडे जुने फोटो किंवा घरच्या आठवणी असतील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.